खंडेरावांना न जमलेली सायकल

खंडेराव जगताप माणसांशी हिंदीत बोलतात आणि सायकलींशी मराठीत. यामागे काही विचार वगैरे नाही, सोय आहे. आमच्या या हिंदी मुलखातल्या गावात, लष्कर नावाच्या भागात, गोरखीच्या जुन्या वाड्याच्या बाजूला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांपैकी नऊ जणांना मराठी कळत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाविषयीचं मत गिऱ्हाइकासमोर उभं राहून, त्याच्याच सायकलीला सांगता येतं.

हे मला कळलं ते माझ्याच सायकलीमुळे. रक्तातली साखर पाहून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं होतं, म्हणून घरात पडून असलेली जुनी सायकल मी त्यांच्याकडे नेली. एका हिंदी दैनिकात मी सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तपासतोय, त्यामुळे सवयीने हिंदीतच बोललो. खंडेरावांनी सायकल उलटी केली, मागचं चाक फिरवलं, डोळे मिटून आवाज ऐकला आणि अतिशय मायेने तिला विचारलं, "काय गं बाई, या ढोल्याने तुला तेल कधी पाजलं होतं? स्वतःच्या लग्नात?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहब, थोड़ी ऑयलिंग लगेगी."

लग्नानंतरही एकदा पाजलं होतं, असं मी मराठीत सांगितलं.

खंडेराव ओशाळले नाहीत. पान्याच्या टोकाने कान खाजवत त्यांनी एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. तेव्हापासून रविवारची माझी साप्ताहिक सुट्टी त्या स्टुलावर जाते. ते मला 'संपादक' म्हणतात. मी संपादक नाही, हे मी चार वेळा सांगितलं. "होऊन जाल," एवढंच त्यांचं उत्तर.

वय सदुसष्ट. मिशा पांढऱ्या, पण टोकांना ग्रीस लागून काळ्या झालेल्या. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी इंदूरला. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यांबरोबर आले आणि पणजोबा पागेत घोड्यांची दुखणी बघत, असं ते सांगतात. पुरावा मागितला तर स्वतःचे कान दाखवतात. हे कान खानदानी आहेत, घोड्याचा श्वास ऐकणारे, आता चाकाचा ऐकतात. म्हणून सायकलीला काय झालंय हे गिऱ्हाइकाने सांगितलेलं त्यांना चालत नाही. कोणी "ब्रेक ढीला है" म्हणत शिरला की त्याला थांबवून म्हणतात, "मर्ज़ मत बताओ, मरीज़ छोड़ के जाओ." एकदा एक तरुण सत्तावीस गिअरची सायकल घेऊन आला आणि कोणता गिअर अडकतो ते इंग्रजीत समजावू लागला. खंडेरावांनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग सायकलीला म्हणाले, "सत्तावीस! अगं, या गावात चढ एकच, किल्ल्याचा. आणि तिथे हा गाडीने जाणार." तरुणाने विचारलं, अंकल काय म्हणाले? मी सांगितलं, मॉडेल चांगलं आहे म्हणाले.

त्यांचा अभिमान एकाच गोष्टीचा. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी एकाही सायकलीला 'होणार नाही' म्हटलेलं नाही. ट्रकखाली गेलेली एक सायकल त्यांनी दोन महिने ठोकून सरळ केली. तोवर मालकाने मोटरसायकल घेतली होती. ती सायकल अजून दुकानात टांगलेली आहे आणि गणपतीच्या तसबिरीआधी तिला फडकं मारलं जातं.

अशा माणसावर या मार्च महिन्यात एक सायकल मुद्दाम न दुरुस्त करण्याची वेळ आली.

सायकल आगाशे सरांची. सर एक्याऐंशी वर्षांचे, गोरखीजवळच्याच एका घरात एकटे राहतात. तिथल्या शाळेत ते मराठी शिकवत, तेव्हा मराठी शिकायला मुलं असत. खंडेराव त्यांचे विद्यार्थी. नववीत सरांनी त्यांना मराठीत नापास केलं आणि खंडेरावांनी शाळा सोडून मामाच्या दुकानात हातात पाना घेतला. दुसऱ्या कोणी जन्मभर राग धरला असता. खंडेरावांनी सरांची काळी, दांडीच्या ब्रेकची, विलायती सायकल जन्मभर सांभाळली. दर दसऱ्याला ती पूर्ण खोलायची, ग्रीस भरायचं, झेंडू वाहायचा. सर रोज संध्याकाळी येऊन बसत. खंडेराव सायकलींशी बोलत आणि सर त्यांची वाक्यं दुरुस्त करत.

डिसेंबरात सर सायकलीसकट रस्त्यावर पडले. उजव्या कोपराला नऊ टाके पडले. त्यांचा मुलगा शिरीष गावाच्या दुसऱ्या टोकाला, थाटीपूरला सरकारी क्वार्टरमध्ये राहतो, पंचावन्न वर्षांचा आहे, स्वभावाने भला आणि घाबरट. बाबांनी आता थाटीपूरला यावं, असा त्याचा धोशा सुरू झाला. सरांचं म्हणणं असं की, माझी कामं मी माझ्या सायकलीने करतो तोवर मी इथेच. मार्चमध्ये सायकलीचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती, आतून अडकलं. चाक फिरलं की पायडलंही फिरायची. सरांनी सायकल खंडेरावांकडे आणून लावली. त्याच संध्याकाळी मागोमाग शिरीष आला.

"काका, हात जोडतो तुमच्यासमोर," तो म्हणाला. "ही सायकल ठीक नका करू. बाबांना बोलून द्या की पार्ट मिळून नाही राहिला."

खंडेरावांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा त्यांनी सांगितलं की विलायती चकती आहे, आटे वेगळे, माल मिळणं अवघड आहे. असे बारा दिवस गेले. शेवटी बापलेकांत करार झाला. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत सायकल नीट होऊन हातात आली, तर शिरीषने थाटीपूरचा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही आली, तर सरांनी बॅग घेऊन मुकाट्याने त्याच्या गाडीत बसायचं.

म्हणजे रविवारी पाचपर्यंत खंडेरावांना फक्त काही करायचं नव्हतं. या कामाचा त्यांना अजिबात सराव नव्हता.

हे सगळं त्यांनी मला त्या रविवारी सकाळी साडेनऊला, दुकान उघडता उघडता सांगितलं. मी विचारलं, सर थाटीपूरला गेले तर संध्याकाळी इथे कोण येणार? खंडेराव एका चाकाच्या तारा उगाच ताणून बघत होते.

"टाके नऊ होते, संपादक," ते म्हणाले. "मी मोजले."

दहा वाजून दहा मिनिटांनी सर स्वतःच हजर झाले. हातात वर्तमानपत्र, पाण्याची बाटली आणि डबा. आपण पाचपर्यंत इथेच बसणार आहोत, असं त्यांनी जाहीर केलं. मी स्टूल त्यांना दिलं आणि टायरांच्या चळतीवर बसलो. खंडेरावांचा पहिला बेत असा होता की सरांची सायकल मागे ढकलून ठेवायची आणि दिवसभर दुसरी कामं काढायची. ती सायकल आता सरांच्या गुडघ्यापासून दोन हातांवर होती.

माल आला का, असं सरांनी विचारलं. अजून नाही, असं खंडेराव म्हणाले. मग व्यापाऱ्याला फोन लाव, असं सर म्हणाले.

खंडेरावांचे खानदानी कान चाकांसाठी उत्तम असले तरी फोनसाठी नाहीत. त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो. व्यापाऱ्याने पहिल्याच घंटीला उचलला. "वो हमारा माल आया क्या, जो बोला था?" खंडेरावांनी शक्य तितक्या मोघमपणे विचारलं. पलीकडून व्यापाऱ्याने आणखी मोठ्या आवाजात विचारलं की कौन सा माल, दादा, होली के बाद से तो आपने फोन ही नहीं किया. खंडेरावांनी फोन बंद केला आणि नेटवर्क नसल्याचं सांगितलं. सरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

पावणेबारा वाजता बिर्ला नगरहून एक गृहस्थ पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यांचे वडील गिरणीत कामाला होते आणि पाळी सुटल्यावर गिरणीतल्या लोकांच्या सायकली दुरुस्त करत. वडील गेले, आता खोलीही सोडायची होती. डब्यात वडिलांनी जमवलेले सुटे भाग होते. भंगारात द्यायचा जीव होईना, आणि खंडेरावांचं नाव वडील घेत असत, म्हणून ते डबा इथे ठेवायला आले होते. इतर कुठल्याही दिवशी खंडेरावांनी त्यांना मिठी मारली असती. त्या दिवशी ते म्हणाले की रख दो भाईसाहब, बाद में देखेंगे.

"आत्ता बघ," सर म्हणाले.

डबा मी गोणपाटावर उपडा केला. वर छर्रे, मग ब्रेकच्या दांड्या, मग घंट्यांच्या टोप्या. तळाशी तेलकट कागदात गुंडाळलेलं एक फ्रीव्हील होतं, न वापरलेलं, विलायती. बारा दिवस जे हिंदुस्थानात कुठेही मिळत नव्हतं ते. ते पाहून खंडेरावांचा चेहरा झाला तसा चेहरा मी फक्त वर्तमानपत्राच्या कचेरीत पाहिलाय, चुकीची बातमी छापून गेल्यावर. बिर्ला नगरचे गृहस्थ बिचारे खूश झाले. वडिलांची वस्तू कामाला आली, असं म्हणत त्यांनी सरांच्या पाया पडून निरोप घेतला.

खंडेराव म्हणाले, नवीन बसवायचं तर आधी जुनं काढावं लागणार, आणि ते काढायची चावी हरवली आहे. यात पुढची चूक माझी. दोन दातांची ती चावी मी बसलो होतो त्या टायरांच्या आत पडलेली होती आणि मघापासून मला टोचत होती. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या विधानांतल्या चुका दाखवत आलो आहे. हात आपोआप पुढे गेला. "ही का?" मी विचारलं. खंडेरावांनी माझ्याकडे बघितलं आणि मग शेजारी उभ्या सायकलीकडे वळून ते म्हणाले, "हे संपादक होणार नाहीत."

चावी लावून त्यांनी जोर लावायचं नाटक सुरू केलं. दात आवळले, मानेच्या शिरा फुगवल्या, तोंडाने आवाज काढले. गंज धरलाय, सर, दोन दिवस तेलात ठेवावं लागेल, असं ते म्हणेपर्यंत चकती पहिल्याच फेऱ्याला लोण्यासारखी सुटून त्यांच्या हातात आली. गंज कुठून असणार? दर दसऱ्याला ती त्यांनीच खोलून ग्रीस भरलं होतं. त्या पंचेचाळीस वर्षांच्या चोख कामाने त्यांना भर दुपारी दगा दिला.

उरली नवी चकती. आटे जुळणार नाहीत, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. लावून तर बघ, असं सर म्हणाले. मी अगदी जवळ होतो, त्यामुळे जे पाहिलं तेच सांगतो. खंडेरावांनी चकती मुद्दाम तिरपी धरली, म्हणजे आट्यात आटा अडकेल. बोटं चाकाला टेकली आणि मनगट आपोआप सरळ झालं. त्यांनी चकती काढली, पुन्हा तिरपी धरली, आणि मनगट पुन्हा सरळ झालं. तिसऱ्या खेपेला त्यांनी डावा हात वापरला. डाव्या हातालाही सगळं येत होतं. चकती अर्ध्या वळशात धरली गेली आणि सरकन आत बसली.

"अगं बये, तुला तरी काही लाज," खंडेराव चाकाला म्हणाले.

"लाज आहे की नाही? क्रियापद कुठाय?" वर्तमानपत्राआडून सर म्हणाले.

एक वाजता सरांनी डबा उघडला. दोन थालीपिठं होती. त्यांनी दीड आम्हा दोघांना दिलं आणि अर्धं स्वतः घेतलं. खंडेरावांनी आपला वाटा भिंतीकडे तोंड करून खाल्ला.

जेवणानंतर साखळी चढवावी लागली, कारण सरांनी ती उचलून हातात दिली. चाक कसावं लागलं. उरली हवा, आणि नेमकी वीज गेली. हवेचा पंप विजेवरचा. खंडेरावांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रक्त आलं. रविवारची गेलेली वीज संध्याकाळशिवाय येत नाही, असं ते बऱ्याच उत्साहाने सांगत असतानाच सर उठले. कोपऱ्यातला हातपंप त्यांनी ओढून आणला, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, पाय रोवला आणि दांडा खाली दाबला. कोपरावर टाक्यांची शिवण दिसत होती. एकदा दाबला. दुसऱ्यांदा दाबताना दांडा अर्ध्यातच अडला. तिसऱ्यांदा दाबायच्या आत खंडेरावांनी पंप त्यांच्या हातातून हिसकावला आणि चिडून चिडून स्वतः हवा भरली, दोन्ही चाकांत, अगदी टणक.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी सायकल स्टँडवर उभी होती, नखशिखांत दुरुस्त. दोन एक्केचाळीसला वीज आली.

खंडेराव सायकलीभोवती तीन वेळा फिरले, काही बिघाड सापडतो का ते बघत. सापडला नाही. त्यांची नजर पकडीकडे गेली. एक तार कापली, ब्रेकची एक दांडी वाकवली तरी पाच वाजेपर्यंतचा प्रश्न सुटला असता. पकड त्यांनी उचलली, हातात तोलली आणि खिळ्याला टांगून ठेवली. मग हात पुसत ते सरांसमोर उभे राहिले आणि पंचेचाळीस वर्षांत जे तोंडातून काढलं नव्हतं ते त्यांनी काढलं.

"सर, नहीं हो पाएगा. हमसे नहीं बनेगी ये गाड़ी."

सरांनी वर्तमानपत्राची घडी केली, पुन्हा घडी केली आणि ते गुडघ्यावर ठेवलं.

"खंडेराव," ते म्हणाले, "तू माझ्याशी हिंदीत का बोलतोयस?"

एक ई-रिक्षा गाणं वाजवत दारावरून गेली. खंडेराव ती जाईपर्यंत तिच्याकडेच बघत राहिले.

"शिरीष आला होता ना?"

खंडेरावांनी हातातलं फडकं उलटं करून पुन्हा हात पुसले.

"मला वाटलंच. तुला न जमणारी सायकल अजून कुठल्या कारखान्यात तयार झालेली नाही. खोटं बोलायचं तर निदान कोणाचा विश्वास बसेल असं बोलावं."

नववीत नापास झालेल्या मुलाला मास्तरांकडून शाबासकी मिळायला बावन्न वर्षं लागली, आणि ती मिळाली ती ही अशी. खंडेराव खाली उकिडवे बसले. बोलले तेव्हा मराठीत बोलले.

"तुम्ही पडलात, सर. पुन्हा पडलात तर मी काय करू? गाडी तर मीच ठीक करून दिलेली असेल ना?"

सरांनी उजव्या पायाचा पायजमा हातभर वर केला. नडगीवर निळे-हिरवे डाग होते, एकाखाली एक.

"पायडल लागायचं," ते म्हणाले. "चाकाबरोबर फिरायला लागलं तेव्हापासून."

हे समजायला मला वेळ लागला. खंडेरावांना लागला नाही. सायकलीवर बसलेल्या माणसाच्या नडगीला पायडल असं लागत नाही. सायकल हातात घेऊन शेजारून चालणाऱ्याला लागतं. ते उठले, त्यांनी वाकून सीटच्या खाली पाहिलं. सीटच्या स्प्रिंगांमध्ये कोळ्याचं जाळं होतं. चांगलं जुनं, धूळ धरलेलं, कुठेही न तुटलेलं. बारा दिवस ही सायकल त्यांच्या दुकानात उभी होती. रोग न सांगता ओळखणारा हा माणूस जाळ्याकडे बघत राहिला.

मग सरांनी सांगितलं, अगदी हजेरी घेतल्यासारखं, एका सुरात. दोन वर्षं झाली, ते सीटवर बसलेलेच नाहीत. तोल जातो. डिसेंबरात पडले तेही चालताना, मागून हॉर्न वाजला म्हणून दचकून. काठी घेऊन पाहिली होती, एकच दिवस. काठी दिसली की अनोळखी लोक हात धरायला येतात आणि विचारतात, बाबा, कहाँ जाना है. सायकल हातात असली की कोणी विचारत नाही. माणूस सायकल घेऊन चाललाय, वाटलं तर बसेल, एवढंच दिसतं. शिवाय दांडीवर भार टाकता येतो, पिशवी अडकवता येते. शिरीषला हे का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"सांगितलं तर तो म्हणेल, चालवता येत नाही ना, मग चला," सर म्हणाले. "मला इथून जायचं नाहीये."

साडेचारपर्यंत खंडेरावांनी सायकलीला तेल दिलं, घंटी घट्ट केली, दोन्ही मुठींना नवं रबर चढवलं. जाळं मात्र त्यांनी काढलं नाही.

पाचला दोन मिनिटं असताना शिरीषची गाडी आली. मागच्या सीटवर उशी आणि पांघरूणही होतं, म्हणजे त्याची तयारी पूर्ण होती. सायकल स्टँडवर उभी पाहून त्याने खंडेरावांकडे ज्या नजरेने बघितलं ती मला आठवते. चिडलेली नव्हती, भ्यालेली होती. सर स्टुलावर ताठ बसले होते आणि त्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट होते.

"झाली?" शिरीषने विचारलं.

"झाली," खंडेराव म्हणाले. "पण फ्रीव्हील जुन्या मालातलं आहे. ते बसायला वेळ घेतं. एक महिना सीटवर कोणी बसायचं नाही. रोज संध्याकाळी पाच वाजता हातात धरून फिरवायची, सावकाश, तासभर. मी बरोबर राहणार. मध्ये कोणी सीटवर बसलं तर पुढची जबाबदारी माझी नाही."

दिवसभर एक धड थाप मारता न आलेला माणूस हे डोळ्याची पापणी न हलवता बोलला.

"मतलब बाबा चालवणार नाहीत?"

"महिनाभर बिलकुल नाही."

"आणि नंतर?"

"नंतर मी तपासून बघेन. माझी खात्री झाली तर विचार करू."

शिरीषने तीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे. 'तपासून विचार करू' या शब्दांचा अर्थ त्याला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. त्याचे खांदे हळूहळू खाली आले. त्याने सायकलीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि मागच्या सीटवरची उशी उगाच सरळ केली. "तुम्ही सोबत असाल ना, काका? रोज?" त्याने विचारलं. रहदारीच्या बाजूने मीच असेन, असं खंडेराव म्हणाले. शिरीषने वडिलांना वाकून नमस्कार केला, रात्रीसाठी डबा पाठवू का विचारलं आणि गाडी रिकामीच वळवून घेऊन गेला.

गाडी दिसेनाशी झाल्यावर सर उठले. "या वेळी विश्वास बसला," ते खंडेरावांना म्हणाले.

मग ते निघाले. रस्त्याच्या डाव्या कडेने, भिंतीलगत सर, त्यांच्या उजव्या हाताला सायकल, आणि सायकलीच्या पलीकडे, रहदारीच्या अंगाला खंडेराव. पंचेचाळीस वर्षांत त्या दुकानाचं शटर त्या दिवशी पहिल्यांदा सव्वापाचला खाली आलं.

महिना एप्रिलमध्ये संपला. मग मे गेला, जून गेला. शटर रोज पाचला पडतच राहिलं. गिऱ्हाइकं कुरकुर करतात. त्यांना सांगितलं जातं की एक फ्रीव्हील बैठ रहा है. फ्रीव्हील असं चालवून बसवावं लागत नाही, ही गोष्ट खंडेरावांनी त्या दिवशी उभ्या उभ्या शोधून काढली होती, हे सरांना ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. स्वतः खंडेरावांना ते अजून ठाऊक आहे का, याबद्दल मला ऑगस्टपासून शंका आहे.

ऑगस्टमध्ये सरांना ताप आला आणि शिरीषने त्यांना तीन दिवसांसाठी थाटीपूरला नेलं. हे मला माहीत नव्हतं. सोमवारी संध्याकाळी कचेरीत जाताना मला रस्त्याच्या डाव्या कडेने खंडेराव येताना दिसले, सरांची सायकल घेऊन, एकटेच. मी स्कूटर थांबवून सरांची चौकशी केली. ताप उतरलाय, परवा येतील, शिरीषने फोनवर त्यांच्याशी बोलणंही करून दिलं, असं ते म्हणाले. मग आज हे कशाला, असं मी विचारलं.

"एक दिवस सुटला तर बसणार नाही ते," खंडेराव म्हणाले आणि पुढे निघाले.

मी आरशात बघत राहिलो. सायकल हातात धरणारा माणूस नेहमी तिच्या डाव्या अंगाला असतो. जन्म सायकलीत गेलेल्या माणसाला हे कोणी सांगायला नको. खंडेरावांनी ती उजवीकडून धरली होती, रहदारीच्या अंगाने, अवघडून. सायकल आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस सहज चालेल एवढी जागा त्यांनी सोडली होती. समोरून आलेली दोन मुलं त्या जागेतून घुसायला लागली, तेव्हा त्यांनी घंटी वाजवली आणि मुलांना बाहेरून, वळसा घालून जायला लावलं.